अब्वोलीला सांगायला हवं

तिकिटाच्या घडीत अडकलेली माशी अजून मेली नव्हती — एक पाय हलत होता, केसाएवढा, आणि कोबुसिंगे त्या पायाकडे इतकी टक लावून बघत होती की बोट एन्टेबेच्या धक्क्यापासून सुटल्याचं तिला कळलंही नाही. सकाळीच सरोवरातून माश्यांचा लोट उठला होता, लांबून पाहिलं तर पाण्यालाच आग लागून धूर निघावा तसा. आता त्या सगळ्यांच्या केसांत, कानांत, लाइफजॅकेटच्या शिवणींत शिरून बसल्या होत्या. चावत नाहीत बिचाऱ्या, एखादा दिवस जगतात आणि मरतात. पाय थांबला की वेळ टिपायची... असं मनात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली. वॉर्डातली सवय. माणूस रजेवर जातं, सवय जात नाही.

कंपालातल्या एका इस्पितळात ती सिस्टर होती, आणि माणूस गेल्याचं घरच्यांना सांगणं हे काम तिच्या वॉर्डात तिच्याच गळ्यात पडायचं. डॉक्टर लोक अशा वेळी हटकून कुठेतरी गडप होतात. नातेवाइकांना खिडकीजवळच्या बाकावर न्यायचं, बसवायचं, हात धरायचा नाही — हात धरला की सोडत नाहीत — कोपराला धरायचं आणि सरळ सांगायचं : वारले. ‘आपल्यात राहिले नाहीत’ म्हटलं की लोक विचारतात, मग कुठे हलवलं? ‘देवाघरी’ म्हटलं की वर बघत बसतात आणि पुढचं काही ऐकत नाहीत. एकच शब्द, डोळ्यांत बघून. इतक्या जणांना सांगितलं, जीभ कधी अडखळली नाही. आणि आज ती रजा टाकून, ठेवणीतला झगा घालून, सरोवरातल्या एका बेटावर चालली होती — एका चिंपांझीला सांगायला, की अड्येरी वारली.

अड्येरी म्हणजे तिची आई.

खूळ सगळं आत्याचं. आईला पुरून आल्यावर अंगणातल्या शेकोटीपाशी, बायका पांगल्यावर, आत्यानं विषय काढला होता.

“सगळ्यांना सांगून झालं. दूधवाल्याला, सासरी गेलेल्या पुतण्यांना, तुरुंगातल्या तुझ्या काकालासुद्धा भेटून आला माणूस. राहिली ती बेटावरची.”

“आत्या, अगं ती चिंपांझी आहे.”

“असेना. तुझ्या आईच्या हातचं खाल्लंय ना तिनं? मग?”

“चर्चमध्ये तर उभी राहून सांगतेस, जुनं सगळं सोडलं म्हणून.”

“येशू येशूच्या जागी, घरचं सुतक घरच्या जागी,” आत्या म्हणाली आणि लाकूड आत सारलं. “शनिवारी घरातलं मरण बाहेर काढायचंय, शेकोटी विझवायचीय. हातचं खाल्लेल्या एकालाही तोंडावर सांगायचं राहिलं ना, तर मेलेलं माणूस उंबऱ्यात बसून राहतं. त्याला वाटतं, अजून कुणीतरी आपली वाट बघतंय, आत्ताच कुठे जायचं. तुला आई उंबऱ्यात बसलेली हवीय?”

“फोन करते बेटावर. सांगतील ते तिला.”

“चावट! तोंडावर सांगायचं असतं. आणि दुसऱ्या कुणी नाही, तूच. तुझं नाव आहे तिच्याकडे.”

तुझं नाव आहे तिच्याकडे... आत्या सहज बोलून गेली, तिला वाटलं असेल मी विसरले. माणसं धाकट्यांच्या जखमा फार लवकर बऱ्या झाल्या असं धरून चालतात.

आमच्या मुलखात मुलाला नावाबरोबर एक लाडनाव देतात, एम्पाको. बाराच आहेत ती. साऱ्या मुलखाला बारा नावं पुरवून पुरवून वापरतात, पण त्या नावाशिवाय सकाळी कुणाला ‘रात्र कशी गेली’ एवढंसुद्धा विचारता येत नाही. विचारलं तर तो अपमान, ढोरागत वागवल्यासारखं. पाहुणा आला तर आधी त्याचं लाडनाव विचारायचं, मग पाणी. आईचं अड्येरी, आत्याचं अकीकी. माझं अब्वोली. सकाळी तिनं म्हणायचं, अब्वोली, रात्र कशी गेली? — आणि मी म्हणायचं, बरी गेली, अड्येरी, तुझी? झालं. एवढ्यानं दिवस सुरू व्हायचा.

मग वडील गेले आणि मला होइमाला आत्याकडे शाळेसाठी ठेवलं. त्याच पावसाळ्यात गावाबाहेरचं जंगल उसासाठी तोडलं, उसात शिरलेल्या चिंपांझिणीला कुत्र्यांनी फाडलं, आणि तिच्या पोटाला चिकटलेलं पोर कुणीतरी पोत्यात घालून आईच्या दारात आणून टाकलं, कारण ती एकटी होती, तिला काय उद्योग. “घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं,” आई म्हणाली म्हणे. आणि ठेवून घेतलं. आता एका छपराखाली झोपून उठलेल्या जिवाला सकाळी नुसतं ‘ए’ कसं म्हणायचं? — म्हणून तिनं नाचणी शिजवली, सुकी मासळी आणली, चार बायका जेवायला घातल्या आणि त्या पोराचं बारसं केलं. बारसं करायचा मान आत्याचा. आत्याला विचारलंही नाही. बाराच्या बारा नावं समोर होती, त्यातलं एक उचललं. अब्वोली.

“आली, आली, बाक धरा!” कुणीतरी ओरडलं. बोट लाटेवर आपटली आणि पाण्याचा हबका कोबुसिंगेच्या तोंडावर आला. समोर एक नवं जोडपं बसलं होतं, नवरीच्या हातावरची मेंदीसारखी नक्षी अजून ताजी. वल्ह्यापाशी उभा होता सेरुंजोगी — बेटावरचा चिंपांझी सांभाळणारा, पन्नाशीचा, बोलघेवडा गडी.

“ते अंगावर दगडबिगड फेकतात का हो?” नवरीनं विचारलं.

“फेकतात की. पण नेम वाईट आहे त्यांचा. नवरीला मारायला जातात आणि नवऱ्याला लागतो.” सेरुंजोगी स्वतःच आधी हसला. “मला विचाराल तर माझं कुळच माकडाचं. आम्ही माकडाला हात लावत नाही, मारत नाही, खात नाही. माकडं मात्र आमचं डोकं खातात.”

नवरा हसला, नवरी हसली, कोबुसिंगेही हसली असावी. गाल हलले तेवढे तिला कळले.

बेट जवळ आलं तसे मास्क वाटले. माणसांचा सर्दी-खोकला त्यांना बाधतो म्हणून. मास्क चढवताना तिला घरातल्या आरशाची आठवण झाली, जो अजून कापडानं झाकलेला होता. तिचं तोंड आणि हनुवटी वडिलांची, कपाळ आणि डोळे आईचे. मास्क लावला की बापाचा वाटा झाकून जातो. पुरताना धुळीसाठी तिनं तोंडावर रुमाल धरला होता, तेव्हा शेजारची एक म्हातारी तिच्याकडे बघून दोन पावलं मागे सरली होती.

धक्क्यापासून वीसेक हातांवर तारेचं उंच कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे, मोकळ्या तांबड्या मातीवर, एकटीच एक बसली होती. बाकीच्यांचा पत्ता नव्हता. आतून जंगलातून त्यांचा कालवा तेवढा ऐकू येत होता. ही गप्प. हात गुडघ्यांवर, मान सरळ. बोटीतून एकेक जण उतरत होता आणि ती बघत होती — कपड्यांकडे नाही, पिशव्यांकडे नाही. तोंडाकडे. नवऱ्याचं तोंड. पुढे. नवरीचं तोंड. पुढे. घाई नाही, राग नाही, आशासुद्धा नाही. रोजचं काम करावं तसं. मग कोबुसिंगेची पाळी आली, नजर तिच्यावरून गेली, पुढच्या माणसावर गेली... आणि परत आली.

परत आली आणि थांबली.

“ती ग्लोरी,” मागून सेरुंजोगी म्हणाला. “आमची इमिग्रेशन ऑफिसर. प्रत्येक बोटीला हजर. एकेक तोंड तपासते आणि जाते निघून. इतकी वर्षं झाली, अजून एकालाही पास केलेलं नाही बाईंनी.”

ग्लोरी. म्हणजे हीच. तिला आईकडून बेटावर घेऊन गेलेल्या लोकांनी आईला तेवढं कळवलं होतं : ग्लोरी नाव ठेवलंय, बरी आहे, कळपात रमते आहे, तुम्ही भेटायला येऊ नका, आलात तर पुन्हा बिथरेल. येऊ नका म्हणाले, मग नाही गेले — आई एवढंच सांगायची, आणि तिच्या आवाजात तक्रार नसायची, ही तिची रीतच. तक्रार न करता माणसाला हैराण करायची.

ग्लोरी उठली. झाडीत शिरायच्या आधी एकदा वळून बघितलं तिनं. कोबुसिंगेनं मान खाली घातली, आणि मग तिला वाटलं की मी का मान घालावी, मी काय चोरलंय हिचं? चोरी झाली ती माझी.

पाहुण्यांना माचीवर उभं केलं. खाली फळं फेकली तसे झाडीतून सगळे आले, पंधरा-वीस, काळे, गर्जत, आणि फणसाच्या फोडींवरून हाणामारी झाली, नवरी किंचाळून नवऱ्याला बिलगली, फोटो निघाले. ग्लोरी आली नाही. कोबुसिंगे कठड्याला धरून उभी होती आणि तिला एक सकाळ ऐकू येत होती.

पहिल्या सुट्टीची सकाळ. मी रात्री उशिरा गावी पोचले होते, पोर झोपलेलं होतं, मी त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. उजाडताना चुलीकडून आईचा आवाज आला : अब्वोली, रात्र कशी गेली? होइमाला आत्या मला हाक मारायची ती कामाला लावायला. ही हाक कितीतरी दिवसांनी. मी अर्धवट झोपेत हसले, उत्तर ओठांवर आलं, बरी गेली, अड्... आणि पडद्यापलीकडून आवाज आला. हू. मऊ, घशातून. आणि आई हसली. ते हसू त्याच्यासाठी होतं. मी माझं उत्तर गिळलं, आणि खरं सांगते, ते अजून खाली उतरलेलं नाही.

“मग माझं नाव?” मी तिला त्या दिवशी विचारलं होतं.

“आहे की तुझं तुला. नाव म्हणजे काय मटण आहे, वाटलं की कमी पडायला?”

गावाला आयतीच गंमत मिळाली. पाणवठ्यावर पोरी विचारायच्या, “कोणती अब्वोली गं तू? शेपटीवाली की बिनशेपटीची?” मी चिडून सांगायची की चिंपांझीला शेपूट नसतं. “मग ओळखायचं तरी कसं तुम्हाला?” — आणि सगळ्या घागरी खाली ठेवून हसायच्या. सवत परवडली असती. सवतीला निदान स्वतःचं नाव असतं.

पाहुणे जेवायला गेले तेव्हा ती सेरुंजोगीपाशी थांबली. त्याला कोपराला धरून बाजूला घ्यावं असं तिला वाटलं आणि तिनं हात मागे घेतला.

“मला ग्लोरीला भेटायचंय. ती आमच्या घरची आहे.” मग एका दमात सगळं सांगितलं — आई, नाव, आत्या, शनिवार. सेरुंजोगीच्या चेहऱ्यावरची थट्टा हळूहळू ओसरली.

“फार वाईट झालं, बाई,” तो म्हणाला. “म्हणजे तुम्ही तिच्या कोण लागता?”

“बहीण,” ती म्हणाली.

“नियम नाही हा. जुन्या घरच्यांना भेटवायचं नाही, असं आहे. पण...” त्यानं मान खाजवली. “मेल्याचं सांगायचं म्हणता. ते अडवून कुणाचं भलं झालंय? संध्याकाळी पेज पाजायला आत घेतो तेव्हा या. लाल पट्टीच्या अलीकडे उभं राहायचं. हात लावायचा नाही. आणि एक विचारू? ती पेज सांडते. कप दिला की पहिला घोट जमिनीवर ओतते, मग पिते. आली त्या दिवसापासून. बाकी कुणी असं करत नाही. आम्ही ओरडून बघितलं, कप छोटा करून बघितला. माजलीय म्हणून सोडून दिलं. तुमच्या घरी कुणी तिला असं काही...?”

“माहीत नाही,” कोबुसिंगे म्हणाली.

माहीत होतं. आई दारात उभी राहून पेजेचा पहिला घोट मातीवर सांडायची, आजोबांसाठी, त्यांच्या आजोबांसाठी, ज्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत त्यांच्यासाठी. आत्या त्याला सैतानाची पूजा म्हणायची. मी इस्पितळात कागदी कपातला चहा उभ्या-उभ्या पिते. माझ्या पूर्वजांना माझ्याकडून टिपूसही मिळत नाही. म्हणजे आमच्या घराण्याच्या मेलेल्यांना जगात पाजणारं आता एकच कुणी उरलं होतं, आणि ते इथे, कुंपणाच्या आत... तिला हसू आलं, आणि हसू आल्याचीच भीती वाटली.

दुपारभर ती धक्क्याजवळच्या झाडाखाली बसून राहिली. ऊन पाण्यावर हलत नव्हतं. ‘वारली’ हा शब्द तिनं आपल्या भाषेत दोन-तीनदा पुटपुटून बघितला. सोपा होता. मग इमिग्रेशन ऑफिसर आठवली आणि मनात एक रस्ता उघडला, होइमाहून गावात येणारा, तांबडा, आणि त्याच्या कडेचा तो मोठा दगड. सुट्टीला येताना बसमधून लांबून दिसायचा. दगडावर आई, आईच्या पाठीला किंवा मांडीवर ती. मला तेव्हा वाटायचं, फिरायला बाहेर पडल्यात दोघी, माझी बस यायला आणि त्यांचं फिरणं व्हायला गाठ पडते एवढंच; उतरले की मी मुद्दाम पिशवीत काहीतरी शोधत बसायची. पण बसला काय वेळ होता? चिखलात रुतली तर रात्र, नाही रुतली तर दुपार. कुठल्याही बसला त्या तिथे असायच्या. बसमधून एकेक माणूस उतरायचं आणि दोघी... हे मी आत्ता जुळवतेय का, इथे, सावलीत बसून, कारण जुळवायला बरं वाटतं? असेल. मेलेल्या माणसाच्या बाजूनं साक्ष द्यायला मन फार लवकर तयार होतं. वॉर्डात रोज बघते मी.

पण तोंडं बघायला तिला कुणी शिकवलं?

ऊन कलल्यावर सेरुंजोगीनं हाक मारली. लांबट, बुटकं घर होतं ते, पुढे जाड जाळी, आत फळ्यांची मचाणं आणि गवत. नाचणीच्या पेजेचा वास दारातच अंगावर आला आणि तिचे पाय थबकले. गरम, किंचित आंबूस, आईच्या झग्याला यायचा तोच. एकेक दार खडखडत उघडत होतं आणि ते आत येत होते, आपापल्या जागी बसत होते, कप पुढे येतील तसे घेत होते. माणसांच्या मुकाट पंगतीसारखं. ग्लोरी शेवटी आली. कडेच्या गजाशी बसली. पिवळा कप घेतला दोन्ही हातांनी. वाकली. थोडी पेज खाली सांडली — सांडली नाही, ओतली, मनगटाच्या त्या हलक्या झटक्यानं, जो एकाच बाईच्या मनगटात होता आणि ते मनगट मी स्वतः परवा कापडात गुंडाळलं होतं. मग कपाची कड हाताच्या मागच्या बाजूनं पुसली, आणि प्यायली.

“बघा,” सेरुंजोगी कुजबुजला. “माजलीय.”

लाल पट्टीच्या अलीकडे कोबुसिंगे उभी होती आणि तिला कोपर धरायला कुणी नव्हतं. सांग. डोळ्यांत बघून, एक शब्द. पण काहीही सांगायच्या आधी त्याची विचारपूस करायची असते. घरातल्या माणसाला बातमी अशी अंगावर फेकत नाहीत, एवढी रीत तरी मी पाळणार होते. त्यासाठी नाव घ्यायला लागणार होतं. माझं नाव, माझ्याच तोंडानं, तिला द्यायला लागणार होतं. आत कुठेतरी अकरा वर्षांची पोर दात-ओठ खाऊन नाही म्हणत होती.

“अब्वोली,” ती म्हणाली. “दिवस कसा गेला?”

मास्कच्या आतून आवाज जाड होऊन आला, मुलूखभर फिरून दमून आल्यासारखा. तो माझा नव्हता. मी वळून बघितलं असतं, इतका तो माझ्यामागून आल्यासारखा वाटला.

कप खाली पडला. ग्लोरी हलली नाही. मग ती हळूहळू गजाशी सरकली, आणि खाली बसली, पाय अंगाखाली घेऊन, अंग लहान करत, मान झुकवून. घशातून श्वासावर श्वास टाकत, हू, हू, हू, वाकत राहिली. आमच्याकडे लेकी आईपुढे गुडघे टेकून बसतात तशी.

“अरे देवा,” सेरुंजोगी म्हणाला. “असं ती फक्त आमच्या म्होरक्या नरापुढे करते. माणसापुढे नाही. कधीच नाही.”

असेल. सगळे चिंपांझी मोठ्यांपुढे असेच वाकत असतील, त्यात आमच्या रीतीचं काही नसेल. मी ते स्वतःला सांगत होते, पण पुढे काय यायला हवं ते मला माहीत होतं. हाकेला हाकेचं उत्तर. बरा गेला, अड्येरी, तुझा? तिच्या घशात ते शब्द नव्हते. पण त्यांची जागा होती. ती जागा तिनं मोकळी सोडली, आणि त्या मोकळ्या जागेत मी उभी होते, आई तेव्हा जेवढी होती तेवढ्याच वयाची, आईच्या डोळ्यांची, अर्धं तोंड झाकलेली.

तिनं वर बघितलं. डोळे तपकिरी, शांत, कडेला पिवळट. माझ्याकडे बघितलं, पुरेसं बघितलं, खात्री झाल्यासारखं. आणि मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. दाराकडे. दारात कुणी नव्हतं. ती परत माझ्याकडे आली आणि पुन्हा दाराकडे गेली, आणि तिनं मान जरा वाकडी केली, माझ्या झग्याआड कुणी उभं असलं तर दिसावं म्हणून. खालच्या बाजूला बघत होती ती. लहान मुलाच्या उंचीला.

अड्येरी आली, मग ती कुठाय?... ती, बसमधून उतरायची, पिशवीत तोंड खुपसून चालायची ती.

मला आई समजून ती माझ्यामागे मलाच शोधत होती.

“सांगितलंत?” बऱ्याच वेळानं सेरुंजोगीनं विचारलं. कोबुसिंगेनं मान हलवली. हो की नाही ते तिचं तिलाही ठरवता येईना. कुणाचं काय सांगायचं होतं? वारली म्हणावं तर तिची अड्येरी समोर उभी होती. आणि जिची वाट बघितली जात होती, ती आली नव्हती, ती कधीच नीट आली नव्हती. ग्लोरीनं खाली पडलेला कप उचलला, गजांमधून पुढे धरला, रिकामा, आणि धरून ठेवला. लाल पट्टी ओलांडायची नव्हती. मी ओलांडली नाही. डोळे भरून आले आणि मास्क ओला होऊन तोंडाला चिकटला, आणि मला इतकं रडू आलं नव्हतं आईला पुरतानासुद्धा.

परतीच्या बोटीत नवरी नवऱ्याच्या खांद्यावर झोपली होती. माश्या संपल्या होत्या. बाकांवर त्यांचा राखाडी थर साचला होता आणि लोक तो न बघता त्यावर बसले होते. बेट मागे राहिलं. कुंपणाकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि बघितलंही नाही, तरी मानेवर कुणाची तरी नजर असल्यासारखी ती ताठ बसून राहिली, हात गुडघ्यांवर ठेवून. मास्क काढायचा राहून गेला होता. काढावासा वाटत नव्हता.

निम्म्या पाण्यात फोनला रेंज आली आणि लगेच तो वाजला.

“काय गं,” आत्या ओरडली. फोनवर ती नेहमी ओरडतेच. “झालं का काम? बायका आल्यात इथे, शनिवारचं ठरवायचंय. सांगितलंस का तिला तोंडावर?”

“सांगायला काही उरलंच नाही, अकीकी. तिनं ओळखलं मला.”

अकीकी... हे मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. चर्चला लागल्यापासून तिनं ते नाव सोडलं होतं, मी तिला आत्याच म्हणते. त्या नावानं तिला हाक मारणारी घरात एकच बाई होती, आणि मी ते ठरवून म्हटलं नव्हतं; ते आलं, सवयीनं यावं तसं, त्याच जाड, दमलेल्या आवाजात, ज्यात तक्रार नसते.

पलीकडचा कलकलाट थांबला. शेकोटीत लाकूड फुटल्याचा आवाज आला. कुणीतरी खोकलं. मग आत्या अगदी हळू, येशूला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, म्हणाली, “अड्येरी?”

मी हसून म्हणणार होते, आत्या, मी गं. म्हणणारच होते. बोट पाण्यावर सावकाश वर-खाली होत होती, एन्टेबेचे दिवे लागत होते, घाई कसलीच नव्हती... आणि मला आधी ऐकायचं होतं, ओ कोण देतंय ते.